कार्बोरेटर आणि मोटारमालकांच्या तीन पिढ्या

मोटारीचा इतिहास सांगताना आपण सहसा कारखानदारांची नावे सांगतो, वेगाचे आकडे सांगतो आणि रस्त्यांचे मैल मोजतो. पण ज्याच्या दारात मोटार उभी राहिली, त्याची त्या यंत्राशी ओळख कितपत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो. यंत्र विकत घेणे आणि यंत्र समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि समाजाची खरी प्रगती या दोहोंमधील अंतरावरून मोजावी लागते. हे अंतर मोजण्यास कार्बोरेटरसारखे दुसरे साधन नाही.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात पाहू. पेट्रोल नुसते ओतले म्हणजे इंजिन चालत नाही. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा, हे ते प्रमाण. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाऊन त्याचा फवारा उडतो. या छिद्राला जेट म्हणतात. पेट्रोलची पातळी कायम ठेवण्यास एक तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. फ्लोट आणि फवारा यांची ही जोडी जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने 1893 च्या सुमारास सिद्ध केली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेन्झ याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेली. हा प्रवास शंभर किलोमीटरांच्या घरातला होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली, असे सांगतात. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच मालकाच्या घरच्या माणसाला इंधनाच्या वाटेशी झगडावे लागले!

आता आपल्याकडे वळू. जत हे डफळे घराण्याचे संस्थान. 8 मार्च 1948 रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि 1960 साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पाऊस बेभरवशाचा, गावे विरळ, आणि पूर्वेला व दक्षिणेला कानडी मुलूख लागलेला. मिरज-पंढरपूर ही लहान रूळगाडी 1927 साली सुरू झाली खरी, पण तिच्या स्टेशनाचे नावच 'जत रोड'! गाव तेथून दूर. अशा प्रदेशात मोटार बंद पडली, तर मदत येईपर्यंत उन्हात बसणे, नाहीतर स्वतः बॉनेट उघडणे, एवढे दोनच मार्ग होते.

पहिल्या पिढीचा, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचा, मोटारमालक बहुधा संस्थानिक, सरदार, वकील किंवा व्यापारी असे. त्या काळी फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये मिश्रण पातळ-दाट करण्याची कळ चालकाच्या हाताशी असे. टाकी बसण्याच्या जागेखाली असून पेट्रोल केवळ उतारावर वाहत येई. त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असताना खडा चढ लागला, तर मोटार उलटी फिरवून मागे-मागे चढवीत. हे सारे ज्ञान आवश्यक होते. परंतु ते मालकापाशी नव्हते, ड्रायव्हरपाशी होते. मालक मागच्या आसनावर बसे. पुढे 1941 साली पेट्रोलचे रेशनिंग आले आणि सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. त्या भट्टीचा गॅस कसा जाळावा, हेही ड्रायव्हर आणि क्लीनर यांनाच शिकावे लागले. ज्ञान सेवकाकडे आणि मालकी धन्याकडे, अशी ही वाटणी होती.

दुसऱ्या पिढीत ही वाटणी मोडली, आणि ती कोणाच्या ज्ञानलालसेमुळे नव्हे, तर परिस्थितीमुळे मोडली. 1953-54 च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मुंबईतील जुळणीचे कारखाने बंद केले. परदेशी मोटार दुर्मीळ झाली. उरल्या त्या मुख्यतः 1957 साली आलेली अ‍ॅम्बॅसडर आणि सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीची फियाट. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा गाडी हाती यायची. ती डॉक्टर, शिक्षणसंस्थेचा चालक, बागाईतदार किंवा कंत्राटदार यांच्या घरी आली. पदरी ड्रायव्हर ठेवणे यांतील अनेकांना परवडेना. म्हणून मालक पुढच्या आसनावर आला.

या पिढीला कार्बोरेटर पाठ झाला. सकाळी चोक किती ओढावा आणि केव्हा आत ढकलावा, प्लग काळे पडले म्हणजे मिश्रण दाट आहे, जेट तुंबले तर फुंकून साफ करावे पण तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो, हे सारे त्यांना ठाऊक होते. चैत्र-वैशाखात या माळरानावर पेट्रोल नळीतच उकळे आणि गाडी जागच्या जागी थांबे. मग पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवायचे आणि झाडाखाली अर्धा तास काढायचा. जेथे पिण्याच्या पाण्याची वानवा, तेथे मोटारीलाही घोटभर पाणी ठेवावे लागे!

याच काळात शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन आले. त्याला कार्बोरेटर नसतो. पंप आणि नोझल असते. त्यामुळे मोटारीचा मालक जेट साफ करी आणि शेजारचा शेतकरी नोझल तपासी. दोघांची यंत्रे निराळी, पण कान सारखेच तयार झालेले.

तिसऱ्या पिढीचा प्रारंभ 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 पासून धरावा. तिलाही कार्बोरेटर होता, पण तो क्वचितच उघडावा लागे. पुढे शहरांची हवा बिघडली. धूर निर्विष करणारा उत्प्रेरक नीट चालण्यास मिश्रणाचे प्रमाण क्षणोक्षणी अचूक लागते, आणि ते साध्या जेटच्या आवाक्याबाहेरचे होते. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी दिलेल्या आदेशाने आणि 2000 पासूनच्या देशव्यापी नियमांनी मोटारीतील कार्बोरेटरचे दिवस भरले. त्याची जागा संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली. ज्याने 2000 नंतर पहिली मोटार घेतली, त्याला चोकची कळ ओढण्याचा प्रसंग बहुधा आलाच नाही.

मात्र एक चमत्कार येथे घडला. मोटारमालक कार्बोरेटर विसरत असताना मोटारसायकलीवर बसणारा खेड्यातील तरुण तो शिकत होता. स्कूटर आणि मोटारसायकल यांतील कार्बोरेटर आणखी वीस वर्षे टिकला. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून या विद्येचा वयाशी जोडलेला हिशेब सरळ नाही. पंच्याहत्तरीच्या डॉक्टरांना ती येते, त्यांच्या पन्नाशीच्या चिरंजीवांना कदाचित येत नाही, आणि पस्तिशीच्या दूधवाल्याला येते. वय नव्हे, गरज माणसाला शिकवते.

मग जे गेले त्याचा शोक करावा काय? आमच्या मते सरसकट करू नये. जुन्या विद्येने एक कुंपणही घातले होते. ज्याला बॉनेट उघडता येत नाही, त्याने गाडी घेऊन दूर जाऊ नये, असा तो अलिखित नियम होता. आणि घरातील स्त्रियांना तो विशेष कठोरपणे लागू केला जाई. आज शिक्षिका एकटीच सांगलीला किंवा विजापूरला गाडी नेऊन परत येते, याचे काही श्रेय त्या मुक्या इंजेक्टरला दिले पाहिजे. हवाही त्याने कमी बिघडते.

पण एक गोष्ट खरोखरच हातची गेली आहे. बिघाडाचे कारण शोधण्याची सवय आपण सोडली. आधी पेट्रोल येते का, मग ठिणगी पडते का, मग हवा मिळते का, अशा पायरीपायरीने विचार करण्यास कार्बोरेटरने एका पिढीला शिकविले. आज दिवा लागला की आपण दूरध्वनी करतो. गावातील मिस्त्रीची अडचण याहून मोठी आहे. त्याची विद्या कानात आणि बोटांत होती; नव्या गाडीला तपासणीचे महागडे यंत्र लागते. ते त्याला परवडले नाही, तर पहिल्या पिढीची वाटणी पुन्हा नव्या रूपाने येईल. मालकी आपली आणि ज्ञान दूरच्या कंपनीचे! आता तर विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांना पेट्रोलच लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षणाच्या वर्गांत जुन्या मिस्त्रींना बोलवावे, त्यांच्या हातून एक कार्बोरेटर मुलांसमोर उघडवावा, आणि त्याच टेबलावर इंजेक्टर व तपासणीचे यंत्रही ठेवावे. यंत्रे बदलतील, परंतु 'हे असे का होते?' हा प्रश्न एका पिढीकडून दुसरीकडे गेला पाहिजे. तो गेला, तर कार्बोरेटर भंगारात गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.