दस्ता, नळी आणि कायदा : पॉइंट टू-टू रायफलीच्या रूपांतराचा इतिहास

१/
१ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या क्रीडाप्रकारातील आजच्या रायफली नीट पाहिल्या, तर त्यांत लाकूड अभावानेच आढळते. दिसतो तो ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि जागोजागी सरकवता येणारे भाग. बंदुकीचा लाकडी दस्ता गेला कुठे? आजचा धागा या प्रश्नाविषयी, आणि त्यामागे दडलेल्या आणखी एका प्रश्नाविषयी : रायफल म्हणजे नेमका कोणता भाग?

२/
आरंभ काडतुसापासून करू. १८४५च्या सुमारास पॅरिसमध्ये लुई-निकोलस फ्लोबेर याने घरातील नेमबाजीसाठी एक चिमुकले काडतूस घडवले. त्यातूनच पुढे रिमफायर काडतूस विकसित झाले. त्याच्या बुडाच्या पोकळ कडेतच स्फोटक लेप भरलेला असतो. आघाताने कड चेपली की ठिणगी पडते. १८५७मध्ये स्मिथ अँड वेसनने ०.२२ शॉर्ट आणले आणि १८८७मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ०.२२ लाँग रायफल. ऑलिंपिकच्या ५० मीटर स्पर्धेत आजही हेच काडतूस वापरले जाते.

३/
कड चेपायची म्हणजे पितळ पातळच हवे, आणि पातळ पितळ मोठा दाब सोसत नाही. म्हणून हे काडतूस कायम दुबळेच राहिले. परंतु हा दुबळेपणाच पुढे वरदान ठरला. दाब कमी असल्यामुळे नळी आणि यंत्रणा यांची जोडणी हलकी ठेवली तरी चालते. पुढची सारी कथा या एका सवलतीवर उभी आहे.

४/
१९४९मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी एक छोटी कंपनी स्थापन केली. १९६४मध्ये या कंपनीने १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल बाजारात आणली. नावातच तिचा परिचय आहे : दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन आणि ०.२२चा व्यास. मोठ्या रायफलींची नळी सामान्यतः यंत्रणेत आटे पाडून घट्ट पिळलेली असते. ती बदलणे हे कसबी कारागिराचे काम. रूगरच्या नव्या रायफलीत मात्र नळी एका इंग्रजी व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेली होती, तर यंत्रणा लाकडी दस्त्याला एकाच मुख्य स्क्रूने जोडलेली होती.

५/
या रचनेमुळे उत्पादन स्वस्त आणि जुळणी सोपी झाली. पण तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. जे कारखान्यात सहज जुळते, ते घरच्या टेबलावरही सहज सुटते. ही रायफल लाखोंच्या संख्येने खपली आणि तिला लागणारे सुटे भाग बनवणारा एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. आयोवा राज्यातील व्होल्कार्टसेन हे त्यातील एक ठळक नाव.

६/
मात्र यांत्रिक सोय एकटी पुरेशी नव्हती. कायद्याचीही साथ लाभली. अमेरिकेच्या १९३८च्या संघीय कायद्यात ‘बंदूक’ या संज्ञेत तिचे सुटे भागही येत होते. प्रत्येक स्क्रूवर लक्ष ठेवणे अव्यवहार्य ठरल्याने १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टने ही व्याख्या आवळली. आता कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा रिसीव्हर, अर्थात यंत्रणा सामावणारा मधला भाग. क्रमांक त्यावर, नोंद त्याची. नळी, दस्ता, चाप हे सारे केवळ सुटे भाग. ते टपालानेही मागवता येऊ लागले.

७/
भारताने नेमकी उलट वाट धरली. आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ या व्याख्येतच त्यांच्या सुट्या भागांचा समावेश आहे. म्हणजे नळी हीदेखील शस्त्रच. तिच्या खरेदीला परवाना हवा आणि शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही हवा. घरच्या टेबलावर रायफल बदलण्याची हौस इथे का रुजली नाही, याचे एक मोठे कारण या व्याख्येत आहे.

८/
आता नळीकडे वळू. हौशी मंडळींनी मूळची बारीक नळी काढून सुमारे ०.९२० इंच, म्हणजे २३ मिलिमीटरहून थोडी अधिक, व्यासाची जाड नळी बसवली. जाड नळी कमी थरथरते. तिचा कक्ष, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अधिक काटेकोर कोरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक गोळी एकाच रीतीने आट्यांत शिरते. वाढलेले वजन मात्र खांद्यावर येते.

९/
दस्त्याची अडचण वेगळी. लाकूड मेल्यावरही हवा पीत राहते. पावसाळ्यात आपले दरवाजे फुगून अडकतात, तसेच दस्तेही फुगतात. लाकडाचा दाब नळीवर आला की नेम सरकतो. यावर ब्रिटनमध्ये एक धीट उत्तर पुढे आले. पोर्ट्समथच्या अॅक्युरसी इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने ॲल्युमिनियमची ताठ चासी बनवून यंत्रणा तिच्यावर पक्की बसवली. दस्ता उरला तो केवळ वरचे कवच म्हणून. ट्रकची चासी आणि वरची बॉडी, तसाच हा प्रकार. ही रायफल ब्रिटिश लष्कराने १९८०च्या दशकात एल९६ए१ या नावाने स्वीकारली.

१०/
या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता माल्कम कूपर. १९८४ लॉस एंजेलिस आणि १९८८ सोल, दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. प्रकार कोणता? ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. स्वप्नीलचाच. ०.२२च्या मैदानावर हयात घालवलेला खेळाडू लष्करी रायफलीचा सांगाडा बदलून गेला. पुढे चासीची कल्पना फिरून पुन्हा छोट्या रायफलीपर्यंत येऊन पोहोचली. आज १०/२२साठीही ॲल्युमिनियमच्या चासी मिळतात.

११/
पण रूप बदलले की अर्थही बदलतो. १९९४च्या अमेरिकी संघीय बंदीने ‘असॉल्ट वेपन’ची व्याख्या मुख्यतः वैशिष्ट्यांवरून केली : सुटे मॅगझिन असलेली अर्धस्वयंचलित रायफल, आणि तिच्यावर दुमडता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खोबण अशांपैकी किमान दोन गोष्टी. म्हणजे तेच दुबळे काडतूस, तीच यंत्रणा. परंतु दस्ता बदलताच नवी रायफल दुसऱ्या वर्गात जाऊ शकत होती. समर्थकांच्या मते ही वैशिष्ट्ये शस्त्राला अधिक घातक बनवत होती. विरोधकांच्या मते कायदा केवळ दिसण्याला शिक्षा करत होता. ही बंदी २००४मध्ये संपली. वाद संपलेला नाही.

१२/
कारखान्यांनी मात्र ग्राहकांकडून धडा घेतला. १९९६मध्ये रूगरनेच जाड नळीची १०/२२ विक्रीस आणली, आणि पुढे चासीवर बसवलेली वेगळी रिमफायर रायफलही. हौशींनी घरी सुरू केलेले आता कंपनीच्या खोक्यातून येऊ लागले.

१३/
नळी बदलली, दस्ता बदलला, चापही बदलला, तर उरलेली रायफल तीच का? अमेरिकी कायदा म्हणतो, रिसीव्हर तोच तर रायफल तीच. भारतीय कायदा प्रत्येक तुकड्याकडेच शस्त्र म्हणून पाहतो. नेमबाजाला विचाराल तर तो कदाचित ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दशवर्तुळाकडे बोट दाखवील. शस्त्रांचा इतिहास वाचताना राजांची आणि लढायांची नावे आपण पाठ करतो. एखाद्या स्क्रूची जागा आणि कायद्यातील एखादी व्याख्या यांनीही तो घडवलेला असतो, एवढे या धाग्यातून ध्यानात राहिले तरी पुरे.

(धागा समाप्त)