दादर टी.टी.

परवा खोदादाद सर्कलपाशी एका तरुणाने मला अडवले. "काका, दादर टी.टी. कुठं आलं?"

"तुम्ही उभे आहात तेच."

"टी.टी. म्हणजे काय हो?"

"ट्राम टर्मिनस."

"बरं, मग पुढची ट्राम किती वाजता?"

आता याला काय सांगणार? मागची ३१ मार्च १९६४ च्या रात्री गेली!

मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या जिवावर. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी, भाडे तीन आणे, आणि तिकीट नाहीच! शब्दावर कारभार. स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या तबेल्यात म्हणे ९०० घोडे होते. ७ मे १९०७ पासून ट्राम विजेवर धावू लागली. घोड्यांच्या पेन्शनचे काय झाले ते देव जाणे. १९२० साली तिच्यावर माडीसुद्धा चढली.

आमचे अण्णा फोर्टात कारकून. चालत्या ट्राममधून उतरून, पान लावून घेऊन, पुन्हा तीच ट्राम पकडता येते असे ते सांगत. यातले निम्मे खरे धरा. पण हाच तिचा गुन्हा ठरला. रस्त्यात मोटारी वाढल्या. मोटारीला बाजूला होता येते, पण ती होत नाही. ट्रामला होताच येत नाही. मग काढले कुणाला? ट्रामला! एकेक मार्ग बंद होत शेवटी बोरीबंदर-दादर तेवढा उरला.

त्या शेवटच्या रात्री अण्णांनी मला, आठ वर्षांच्या पोराला, झोपेतून उठवून नेले. रस्त्याच्या दुतर्फा माणसे, ट्राम खच्चून भरलेली. आम्हाला आत शिरताच आले नाही. "रोज एवढे लोक बसले असते तर..." अण्णा म्हणाले आणि घरी येईपर्यंत पुढे एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते बसने कचेरीत गेले आणि उशिरा पोचले. हे त्यांनी पुढे वीस वर्षे ऐकवले.

पुढे २०१४ साली याच मुंबईत मोनोरेल आणि मेट्रो, दोन्ही आल्या. रूळ पुन्हा हवेसे झाले, फक्त डोक्यावरून.

आणि जुने? २०१७ साली फ्लोरा फाउंटनपाशी खोदताना डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले. मी मुद्दाम पाहायला गेलो. अण्णा नव्हते, म्हणून त्यांच्याही वाटणीचे वाकून पाहिले. बराच वेळ वाकलेला पाहून रखवालदार आला.

"काय पडलं, आजोबा?"

"पडलं नाही रे, सापडलंय."