ऑक्टोबरचं ऊन आणि जुने वैद्य

पाऊस उघडला, दसरा तोंडावर आला आणि ऊन असं चटकतंय की चैत्र परवडला. आपण याला ऑक्टोबर हीट म्हणतो. जुने वैद्य शरद म्हणत, म्हणजे आश्विन आणि कार्तिक. शरद ही वैद्यांची आई, अशा अर्थाची एक जुनी म्हण आहे. या दिवसांत आजारी इतके, की वैद्याचं घर त्यांच्यावर चालावं! शंभर शरद जग, असा आशीर्वाद देतात ना, त्यात शरदच का मोजला? हा ऋतू निभावला की वर्ष निभावलं, म्हणून असेल, असं मला आपलं वाटतं.

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या अथर्ववेदात तक्मन् नावाच्या तापाचं वर्णन आहे. थंडी वाजते, मग अंग भाजतं, कधी एक दिवसाआड ताप येतो. शरदात येणारा म्हणूनही त्याचा उल्लेख आहे. बहुतेक हा आपला हिवतापच असावा.

पुढे चरकसंहितेत प्रत्येक ऋतूत कसं राहावं याचा एक अध्यायच आला. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हाने एकदम खवळतं, असं त्यात कारण दिलं आहे. सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ लिहिलं, त्यात हेच थोडक्यात आणलं. या ग्रंथावर तेराव्या शतकात टीका लिहिणारा एक जण आपल्याकडचा होता, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. हेमाडपंती देवळांना ज्याचं नाव चिकटलं, तोच हा.

वाग्भट काय खायला सांगतो? साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध. टाळायचं काय, तर दही, तेल, खारट क्षार, तडस लागेपर्यंत जेवण, ऊन आणि दुपारची झोप. संध्याकाळी चंदन, वाळा, कापूर अंगाला लावावा, मोती घालावेत आणि चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या वाड्यात बसून चांदणं अंगावर घ्यावं.

आता सांगा, हे कोणासाठी लिहिलंय? भात कापायला वाकलेल्या, सोयाबीन काढायला भल्या पहाटे निघालेल्या बाईसाठी नक्कीच नाही. ऊन टाळा म्हणणं सोपं आहे, पण उभं पीक थांबत नाही. मोती आणि वाडा सोडून देऊ. पडवळ, मूग, आवळा मात्र आपल्या परसात आणि डब्यात आहेत. त्याला पैसा लागत नाही, म्हणून तेवढं जरूर घ्यावं.

सगळंच मात्र घेऊ नये. शरदात जुलाब देऊन पोट साफ करावं आणि शिरेतून रक्त काढावं, असंही त्या ग्रंथांत आहे. खवळलेलं पित्त आणि बिघडलेलं रक्त बाहेर काढायचं, हा त्यामागचा विचार. आपल्या गटातल्या किती जणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेतात ते आठवा. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त नाही, तिचं काढायचं काय?

पाण्याचंही तसंच. दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवलेलं आणि अगस्तीचा तारा उगवल्यावर निर्मळ झालेलं शरदातलं पाणी अमृतासारखं, असं वैद्य म्हणत. त्याला हंसोदक असं सुंदर नाव आहे. निरीक्षण खरं होतं. पाऊस थांबला की गढूळ नदी निवळते, तळ दिसायला लागतो. पण निवळलेलं पाणी जंतू नसलेलं असतंच असं नाही, आणि जंतू तेव्हा कोणाला दिसत नव्हते. आपण ते उकळून किंवा मेडिक्लोर टाकूनच प्यावं.

तापाचं कोडं सुटायला फार वेळ गेला. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. म्हणजे वैद्यांनी ऋतू बरोबर ओळखला होता. पाऊस संपल्यावर साचलेली डबकी, त्यात वाढलेले डास, आणि मग घरोघरी ताप. फक्त ते पित्ताकडे बघत राहिले. म्हणून या दिवसांत थंडी वाजून ताप आला तर ‘पित्त झालंय’ म्हणून काढ्यावर तीन दिवस काढू नका. आशाताईंना हाक मारा, बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी होते. मूग-पडवळ त्यानंतरही खाता येतं.

माझ्या सासूबाईंनी चरकाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. भाद्रपद सरला की घरात दही लावायच्या नाहीत, आणि कापणीला अंधारातच निघायच्या. उन्हं चढली की बांधावरच्या झाडाखाली भाकरी खाऊन तिथेच डोळा लागायचा त्यांचा. दिवसा झोपू नये हे मी त्यांना एकदा वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “लिहिणाऱ्याला म्हणावं, आधी एक खाचर कापून ये.”