अर्धा टक्का बेसबॉलचा : सिॲटलच्या चार स्टेडियमांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी आरोग्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. जन्मभर साखरेच्या गोळ्यांच्या पुड्या बांधणाऱ्या माणसाकडून दुसरे काय मागणार? पण तब्येतीचे बोलायला दवाखाना आहेच. आज मी एका शहराच्या पैशाचा आणि त्याच्या हौसेचा इतिहास सांगणार आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत सिॲटलला गेलो होतो. तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आमच्या रात्रिभोजनत्यागाची अडचण नव्हती. एका संध्याकाळी जावई जेवायला बाहेर घेऊन गेले. बिल आले. आदल्या दिवशी कपड्यांच्या दुकानात लागला होता त्यापेक्षा इथला कर किंचित जास्त दिसला. मी विचारले. जावई हसून म्हणाले, "मामा, हा वरचा अर्धा टक्का बेसबॉलचा."

आमच्यापैकी कोणी बेसबॉलचा एक चेंडूही पाहिला नव्हता. रक्कम काही सेंटांची. पण माझ्या जेवणाचा आणि त्या खेळाचा संबंध काय, हा प्रश्न मनात राहिला. पुढे प्रत्येक खेपेला मी विचारत, वाचत गेलो. त्यातून हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक फरक लक्षात घेऊ. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवले. पैसा संस्थानाचा, आखाडा सर्वांचा. उद्या कोणी पैलवान उठून "मला नवे मैदान द्या, नाहीतर मी कोल्हापूरची कुस्तीच दुसऱ्या गावाला घेऊन जातो" असे म्हणू शकत नव्हता. अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत मालक नेमके हेच म्हणू शकतो. तिथे संघ खाजगी मालकीचा असतो. किती संघ असावेत हे मालकांचीच संघटना, म्हणजे लीग, ठरवते. संघ मोजके आणि ते हवे असणारी शहरे पुष्कळ. त्यामुळे लीगची संमती असेल तर मालक संघाचे बिऱ्हाड हलवू शकतो. १९५३ साली मिलवॉकीने सार्वजनिक पैशातून स्टेडियम बांधले आणि बॉस्टनचा एक जुना बेसबॉल संघ तिथे आला. तेरा वर्षांनी तोच संघ अटलांटाला निघून गेला. स्टेडियम मात्र जागेवरून हलत नाही, आणि त्याचे कर्जही हलत नाही.

सिॲटलची कथा १९६८ साली सुरू होते. सिॲटल ज्या किंग कौंटीत येते (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिच्या मतदारांनी त्या वर्षी छप्पर असलेल्या स्टेडियमसाठी ४ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. त्याच दिवशी शहरी रेल्वेचा प्रस्तावही मतदानाला होता. त्याला पुरेशी मते मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी शहराला बेसबॉलचा पहिला मोठा संघ मिळाला. एका हंगामात त्याचे दिवाळे निघाले आणि १९७० च्या वसंतात, नवा हंगाम आठवड्यावर आला असताना, तो विकला जाऊन मिलवॉकीला गेला. ज्याचा संघ पळाला होता त्यानेच दुसऱ्याचा नेला. सरकारने लीगवर दावा ठोकला आणि अखेर तडजोडीत १९७७ पासून नवा संघ पदरात पाडून घेतला. हाच मरिनर्स.

दरम्यान स्टेडियमच्या जागेवरून वाद झाले. शेवटी निवडलेली जागा चिनी, जपानी, फिलिपिनो लोकांच्या जुन्या वस्तीला लागून होती. १९७२ च्या नोव्हेंबरात भूमिपूजनाच्या कार्यक्रमात त्या वस्तीतल्या तरुणांनी निदर्शने केली, चिखलाचे गोळे फेकले. भाडी वाढतील, म्हातारी माणसे बेघर होतील, ही त्यांची भीती होती. तरीही काम झाले. १९७६ साली 'किंगडोम' उघडले. खर्च सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर. काँक्रीटचा प्रचंड घुमट, दिसायला ओबडधोबड, पण ते लोकांचे होते. बेसबॉल, फुटबॉल, काही काळ बास्केटबॉल, प्रदर्शने, सभा, सगळे त्याच छपराखाली.

१९ जुलै १९९४ रोजी सामन्यापूर्वी त्या छपराचे चार तक्ते खाली कोसळले. प्रेक्षक अजून आत आले नव्हते, म्हणून अनर्थ टळला. पण दुरुस्तीच्या कामात क्रेनच्या अपघातात दोन कामगार मृत्युमुखी पडले. दुरुस्तीला सुमारे ५ कोटी डॉलर लागले आणि ते मूळ कर्जाच्या बोकांडी बसले. मरिनर्सचे मालक तोवर म्हणू लागले होते की या घुमटात धंदा होत नाही, आम्हाला फक्त बेसबॉलसाठी वेगळे मैदान द्या, नाहीतर संघ विकायला काढू.

ही धमकी पोकळ नव्हती. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग शहराने १९९० साली बेसबॉलचा संघ हातात नसतानाच घुमट बांधून ठेवला होता. त्यांना तो संघ मिळाला १९९८ साली. मधल्या काळात तो रिकामा घुमट देशभरच्या मालकांच्या कामी आला. प्रत्येक जण आपल्या शहराला त्याच्याकडे बोट दाखवून सांगे, बघा, तिकडे जागा तयार आहे. मरिनर्सही १९९२ साली त्याच वाटेवर होते. तेव्हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीचे हिरोशी यामाउची यांच्या पैशाने तो थांबला होता.

सप्टेंबर १९९५ मध्ये कौंटीत मतदान झाले. विक्रीकर एक दशांश टक्क्याने वाढवून नवे मैदान बांधावे काय? जवळजवळ पाच लाख मतांत सुमारे हजार मतांनी उत्तर आले, 'नको'.

लोकशाहीत गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यांत मैदानावर चमत्कार चालला होता. ऑगस्टमध्ये तेरा सामने मागे पडलेला हा संघ एकेक सामना जिंकत वर आला. ८ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अकराव्या डावात एडगर मार्टिनेझने चेंडू टोलवला, केन ग्रिफी धावत घरी पोचला आणि सगळे शहर रस्त्यावर आले. सहा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात निधी मंजूर केला. विक्रीकरातला वाटा, लॉटरी, भाड्याच्या मोटारींवर कर, आणि किंग कौंटीतल्या उपाहारगृहांवर अर्धा टक्का. माझ्या बिलावरचा तो अर्धा टक्का इथला. कायद्याला तातडीचे कलम जोडले होते, म्हणजे नागरिकांना त्याविरुद्ध सार्वमत मागता येऊ नये. काही नागरिक न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कायदा ग्राह्य धरला. १९९९ च्या जुलैत मैदान उघडले. खर्च ५१ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. वाढीव खर्च जनतेने सोसावा असा प्रयत्न मालकांनी केला, पण लोक संतापल्यावर तो त्यांनाच सोसावा लागला.

तोवर फुटबॉलवाल्यांची पाळी आली. १९९६ साली सीहॉक्सच्या मालकाने आपले सामान कॅलिफोर्नियाकडे हलवायला घेतले. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन पुढे आले. संघ विकत घेतो, पण किंगडोम पाडून नवे स्टेडियम झाले तरच, ही त्यांची अट. १९९७ च्या जूनमध्ये राज्यभर सार्वमत झाले आणि त्याचा खर्च खुद्द ॲलन यांनी उचलला. नागरिकांनी कर द्यावा की नाही हे ठरवणाऱ्या मतदानाचा खर्च कर मागणारा देतो, असे मी दुसरीकडे वाचलेले नाही. प्रस्ताव ५१ टक्क्यांनी निसटता जिंकला. ४३ कोटींपैकी ३० कोटी डॉलर सार्वजनिक.

२६ मार्च २०००. किंगडोम सुरुंगांनी उडवले. सतरा सेकंदही लागले नाहीत. वय जवळजवळ चोवीस. त्याचे कर्ज मात्र फिटले २०१५ साली. इमारत गेल्यावर पंधरा वर्षे कौंटी तिचे हप्ते भरत होती.

बाजू मांडणारे म्हणत, स्टेडियमने रोजगार येतो, धंदा वाढतो. १९९७ साली रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी अशा अनेक शहरांचा अभ्यास एका ग्रंथात एकत्र केला. निष्कर्ष असा की स्टेडियममुळे शहराच्या उत्पन्नात डोळ्यांत भरेल अशी वाढ कुठेच दिसत नाही. कारण घरगुती आहे. कुटुंबाकडे करमणुकीला ठरावीक पैसे असतात. ते सामन्याला गेले तर सिनेमाला जात नाहीत. शिवाय खेळाडूंचा पगार बहुधा गावाबाहेर खर्च होतो. आणि वॉशिंग्टन राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नसल्याने विक्रीकरावर भिस्त. तो मोलकरणीलाही तेवढाच आणि मालकालाही तेवढाच.

दिल्लीतून, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमधून, आळा घालायचा प्रयत्न झाला होता. १९८६ च्या करसुधारणेत नियम केला की स्टेडियमच्या करमुक्त कर्जरोख्यांची परतफेड दहा टक्क्यांहून अधिक स्टेडियमच्याच उत्पन्नातून होता कामा नये. हेतू हा की कोणतेही शहर एवढा बोजा करदात्यांवर टाकायला धजणार नाही. शहरे धजली. भाडे संघाकडून कमी घेतले आणि हप्ते करातून भरले. उतारा म्हणून दिलेल्या औषधाने दुखणे बळावले.

चौथे स्टेडियम बास्केटबॉलचे. सुपरसॉनिक्स हा संघ १९६७ पासून गावात. १९७९ चा विजेता. त्याच्यासाठी शहराने १९९५ साली जुन्या सभागृहाचे सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केले होते. दहा वर्षांत ते मालकांना अपुरे वाटू लागले. पुन्हा तीच मागणी, तीच घाई. पण या वेळी नागरिकांनी वेगळे केले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी स्वतःच मांडलेला एक नियम सुमारे ७४ टक्क्यांनी मंजूर केला. शहराने व्यावसायिक संघाला मदत केली, तर त्या पैशावर निदान केंद्र सरकारच्या तीस वर्षांच्या रोख्याइतका परतावा मिळालाच पाहिजे. खेळाला विरोध नाही, हौसेला विरोध नाही. फक्त व्याज ठेवा.

संघ त्याच वर्षी ओक्लाहोमाच्या मालकांनी घेतला होता. त्यांनी उपनगरात ५० कोटींचे सभागृह मागितले. विधिमंडळाने दिले नाही. २००८ च्या जुलैत, करार संपायला दोन वर्षे असताना, साडेचार कोटी डॉलर भरून ते ओक्लाहोमा सिटीला निघून गेले. तिथल्या मतदारांनी त्याच वर्षी विक्रीकर मंजूर केला होता आणि २०२३ साली पुन्हा, किमान ९० कोटींच्या नव्या सभागृहासाठी, केला.

मी २००९ साली गेलो तेव्हा ही जखम ओली होती. बसथांब्यावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. डोक्यावर हिरवी-पिवळी टोपी, गेलेल्या संघाची. मी सहज विचारले, तुम्ही २००६ साली मत कोणाला दिले होते? म्हणाले, "नियमाच्या बाजूने. आज असते तरी तेच देईन." थोडे थांबून म्हणाले, "पण नातवाला घेऊन आता कुठे जाऊ?" या दोन वाक्यांत सगळा वाद आला. २०१४ साली सीहॉक्स अजिंक्य ठरले तेव्हा माझी मुलगी कडाक्याच्या थंडीत मिरवणूक पाहायला उभी होती. लाखो लोक होते. तो आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. पंढरीच्या वाटेवरच्या राज्यातला माणूस असे कसे म्हणेल?

शहर मात्र बुडाले नाही. २०२१ साली त्याच जुन्या सभागृहाचे ऐतिहासिक छप्पर राखून त्याखाली नवे सभागृह उभे राहिले. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर, आणि तो खाजगी गुंतवणूकदारांनी केला. इमारतीची मालकी शहराकडेच राहिली. तिथे आइस हॉकीचा नवा संघ खेळतो. बास्केटबॉलवाले गेले ते गेले. ती किंमत शहराने मोजली. पण २०१८ साली बेसबॉलच्या मैदानाच्या देखभालीचा प्रश्न आला, तेव्हा हॉटेल-करातले सुमारे साडेतेरा कोटी डॉलर मैदानाला द्यावेत की गरिबांच्या घरांना, यावर कौंटीत झगडा झाला. मैदान जिंकले, ५ विरुद्ध ४ मतांनी. म्हणजे हा रोग एकदा बरा होऊन संपत नाही.

मी डॉक्टर आहे, म्हणून शेवटी माझ्या धंद्यातले एक सांगतो. रुग्णाचे नातेवाईक मध्यरात्री घाबरलेले असतात तेव्हा त्यांच्यापुढे कागद ठेवला तर ते कशावरही सही करतात. ती सही कायद्याने खरी असते, पण तिला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात सिॲटलने अशी सही केली. २००६ साली त्याच लोकांनी, डोके थंड ठेवून, दर आधीच ठरवून टाकला. आमच्या समाजात पंचकल्याणक पूजेत मानासाठी बोली लागते. मान ज्याला हवा, रक्कम त्याने भरायची. मान एकाचा आणि पावती साऱ्या गावाची, असे होत नाही. एवढे साधे तत्त्व कायद्यात आणायला त्या श्रीमंत शहराला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

उपाहारगृहांवरचा तो अर्धा टक्का २०११ साली बंद झाला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बिल हातात घेऊन मी तो शोधला. जावई म्हणाले, "मामा, फिटले तुमचे." मी म्हटले, "माझे फिटले. किंगडोमचे अजून बाकी आहे."