पगडी, शाळा आणि ‘दीर्घ इतिहास’

1978 साली बर्मिंगहॅममधील पार्क ग्रोव्ह या खासगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला. मुलाने केस कापावेत व पगडी उतरवावी, ही मुख्याध्यापकांची अट होती. मुलाचे वडील व्यवसायाने सॉलिसिटर. त्यांना ती मान्य नव्हती. वंशसमता आयोगाच्या पाठबळाने त्यांनी दावा लावला. तोच ‘मंडला विरुद्ध डॉवेल ली’ हा खटला.

शाळेला वर्णद्वेष्टी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तिच्या सुमारे 300 विद्यार्थ्यांत तीसहून अधिक हिंदू होते, 5 शीखही होते. ख्रिस्ती अधिष्ठानाच्या शाळेत वेगळेपणाच्या बाह्य खुणा जितक्या कमी तितके बरे, अशी मुख्याध्यापकांची भूमिका होती.

खरी अडचण कायद्यात होती. 1976 च्या वंशसंबंध कायद्याने वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व आणि ‘एथ्निक’ वा राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरवला. धर्माचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणजे जी पगडी श्रद्धेपोटी बांधायची, तिच्या रक्षणासाठी ‘आम्ही केवळ एक धर्म नाही’ हे पितापुत्रांना सिद्ध करावे लागणार होते!

काउंटी कोर्टात ते हरले. 1982 मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी ‘एथ्निक’ शब्दाचे अर्थ शब्दकोशांत धुंडाळले आणि शिखांचे वेगळेपण वांशिक नव्हे, धार्मिक आहे, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर हजारो शीख लंडनमध्ये निषेधासाठी एकत्र आले.

24 मार्च 1983 रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल फिरवला. ज्यूंविषयीच्या एका न्यूझीलंडी निवाड्याचा आधार घेत लॉर्ड फ्रेझर यांनी कसोटी मांडली. समूहाला स्वतःची सांस्कृतिक परंपरा हवी, आणि ज्याची स्मृती तो जिवंत ठेवतो असा दीर्घ सामाईक इतिहास हवा. भाषा, वाङ्मय, धर्म, भूप्रदेश या पूरक गोष्टी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थबकावेसे वाटते: गुरू नानकांपासूनची पाच शतके आणि पंजाबातील शीख सत्ता एका गणवेशाच्या वादात पुरावा म्हणून उभी राहिली होती.

शाळेचा आणखी एक युक्तिवाद होता: पगडी तर कोणालाही उतरवता येते. त्यावर लॉर्ड फ्रेझर यांचे उत्तर असे की, ‘येते’ याचा अर्थ शरीराने शक्य आहे एवढाच नाही. समूहाच्या रूढी-परंपरा सांभाळून ते शक्य असले पाहिजे.

निकाल लागला तेव्हा तो मुलगा पगडीसह दुसऱ्या शाळेत शिकत होता.

शीख आणि ज्यू यांना या कायद्याचे छत्र मिळाले. मुस्लिमांना, केवळ धर्मसमूह म्हणून, मिळाले नाही. धर्मावरून शाळाप्रवेश नाकारण्याला सर्वसाधारण बंदी 2006 च्या समता कायद्याने आली. त्याआधी, 1993 मध्ये, रास्ताफारी पंथाच्या एका इसमाने नोकरीच्या वादात हीच कसोटी लावून पाहिली होती. सुमारे साठ वर्षांचा इतिहास ‘दीर्घ’ नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.