व्यापारी आधारसामग्री, कृत्रिम
अनेक शहरांत शाखा असलेल्या व्यापारसंस्थेच्या नोंदींसारख्या, परंतु संगणकानेच निर्माण केलेल्या काल्पनिक नोंदींचा संच. संगणकप्रणालींची क्षमता अजमाविण्यासाठी तो वापरतात. ग्राहकांची खरी खाती परक्यांच्या हाती देता येत नाहीत आणि थोड्या नोंदींवर वेगवान ठरलेली प्रणाली प्रत्यक्ष भाराखाली अडखळते, म्हणून त्याची गरज भासली.

या पद्धतीचे मूळ बँकव्यवहारात आहे. १९७३ मध्ये एका मोठ्या बँकेस आपल्या १,००० शाखा, १०,००० रोखपाल व १ कोटी खाती संगणकाशी जोडावयाची होती. जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या उदाहरणास सार्वत्रिक कसोटीचे रूप दिले. तीत १५% व्यवहार ग्राहकाच्या स्वतःच्या शाखेत न होता अन्यत्र होत. ही अट नसती, तर प्रत्येक शाखेचा हिशेब स्वतंत्र संगणकावर ठेवून कोणीही कसोटी सहज जिंकली असती.

उत्पादकांच्या परस्परविरोधी दाव्यांना आळा घालण्यासाठी १९८८ मध्ये ट्रँझॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल स्थापन झाले. त्याच्या १९९२ मधील ‘टीपीसी-सी’ कसोटीत एका घाऊक विक्रेत्याचा व्यवसाय कल्पिलेला आहे. प्रत्येक वखारीखाली १० विक्रीविभाग, प्रत्येक विभागात ३,००० ग्राहक व एकूण १,००,००० वस्तू अशी तिची रचना आहे. शहरांची नावे म्हणजे अक्षरांची निरर्थक जुळणी असून सर्व टपाल क्रमांकांचे शेवटचे पाच अंक सारखेच असतात. ग्राहकांची आडनावे दहा ठराविक शब्दखंडांपैकी तीन जोडून बनवितात. ती केवळ १,००० असल्याने एका विभागात एकाच आडनावाचे अनेक ग्राहक आढळतात आणि निम्म्याहून अधिक भरण्यांत ग्राहक आडनावावरूनच शोधावा लागतो. सुमारे १% मागण्यांत वस्तूचा क्रमांक चुकीचा असतो व ती मागणी रद्द करावी लागते. मागणीतील सुमारे १% वस्तू दुसऱ्या वखारीतून येतात. एका मागणीत सरासरी दहा वस्तू असल्याने साधारणतः दहातील एक मागणी दोन ठिकाणांच्या साठ्यांना स्पर्श करते. कारकुनास हास्यास्पद वाटणाऱ्या या नोंदींचा खरेपणा नावांत नसून चुका, नामसाम्य व परगावचे व्यवहार यांच्या प्रमाणांत आहे.

सर्व वखारी समान आकाराच्या मानणे हा मात्र कसोटीचा उघड दोष होय. कोणत्याही व्यापाऱ्याच्या शाखा अशा नसतात. २००७ मधील ‘टीपीसी-ई’ कसोटीत आडनावे अमेरिकी जनगणनेवरून घेतली गेली. तरीही २०२० मध्ये नवा उच्चांक नोंदविला गेला तो जुन्याच कसोटीवर.