हिवाळी हवामान व वायुदाब प्रणाली : संशोधनाचा इतिहास

हिवाळ्यातील थंडी, पाऊस, हिमवर्षाव, धुके व वादळे ही मुख्यतः वातावरणातील उच्चदाब व न्यूनदाब क्षेत्रांच्या स्थानांवर आणि हालचालींवर अवलंबून असतात. न्यूनदाब क्षेत्रात (अभिसारी चक्रवातात) वारे केंद्राकडे वळतात, हवा वर चढून थंड होते आणि ढग व वृष्टी निर्माण होतात. उच्चदाब क्षेत्रात (अपसारी चक्रवातात) हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते व कोरडी होते. त्यामुळे आकाश बहुधा निरभ्र राहते. उन्हाळ्यात अशा निरभ्रतेने उष्मा वाढतो. हिवाळ्याच्या दीर्घ रात्री मात्र जमिनीतील उष्णता प्रारणाने निघून जाते व जमिनीलगतची हवा अतिशय थंड होते. या दोन प्रणालींपैकी न्यूनदाब क्षेत्राचा अभ्यास आधी झाला, कारण त्यातील वादळांनी जहाजे बुडत. शांत दिसणाऱ्या उच्चदाब क्षेत्राचे महत्त्व बरेच उशिरा ध्यानात आले.

प्रारंभीचे शोध : टॉरिचेल्ली यांनी १६४३ च्या सुमारास पाऱ्याचा वायुदाबमापक तयार केला. १६६० मध्ये माक्‌डेबर्ग येथे ओटो फोन गेरिक यांनी दाब एकाएकी उतरलेला पाहून वादळाचे भाकीत केले. परंतु एका ठिकाणच्या नोंदीवरून दाबाच्या क्षेत्राचा विस्तार अथवा त्याची गती समजत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‍रिख ब्रांडेस यांनी १८२६ मध्ये डिसेंबर १८२१ मधील वादळाचे नकाशे प्रसिद्ध केले. अनेक ठिकाणच्या एककालिक नोंदी एकत्र मांडल्याने न्यूनदाबाचे क्षेत्र यूरोपवरून सरकत गेल्याचे त्यांना दाखविता आले. तथापि नोंदी जमविण्यास वर्षे लागत असल्याने या पद्धतीचा उपयोग गतकालीन वादळांपुरताच होता.

तारायंत्र व वादळांचे इशारे : क्रिमियन युद्धात १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रावर झालेल्या वादळात ब्रिटिश व फ्रेंच आरमारांची अतोनात हानी झाली. सैन्यासाठी हिवाळी कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे जहाज बालाक्लाव्हानजीक बुडाले आणि सैनिकांना पुढील थंडी अपुऱ्या कपड्यांत काढावी लागली. फ्रेंच ज्योतिर्विद ऊर्बँ ले व्हेर्ये यांनी १२ ते १६ नोव्हेंबर या दिवसांच्या नोंदी ठिकठिकाणांहून मागविल्या. हे वादळ यूरोप ओलांडून क्रिमियाकडे गेले होते व तारायंत्राने त्याची पूर्वसूचना देता आली असती, असे त्यांवरून दिसून आले.

ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज फुटून सु. ४५० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्‌सरॉय यांनी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ केला. त्यांच्या अंदाजांवर कठोर टीका झाली. त्यांच्या मृत्यूनंतर (१८६५) नेमलेल्या समितीने या कार्याला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिल्यावर १८६६ मध्ये इशारे बंद करण्यात आले. परंतु नाविकांच्या मागणीमुळे पुढील वर्षी ते पुन्हा सुरू करावे लागले. सिद्धांत अपुरा असला, तरी इशाऱ्यांनी प्राण वाचतात हे किनाऱ्यावरील लोकांना अनुभवाने पटले होते.

उच्चदाब क्षेत्राची ओळख : फ्रान्सिस गॉल्टन यांनी डिसेंबर १८६१ मधील यूरोपच्या हवामानाचे दैनंदिन नकाशे काढून १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. उच्चदाबाभोवती वारे उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे न्यूनदाबाच्या उलट, वाहतात असे त्यांना आढळले. या रचनेला त्यांनी अपसारी चक्रवात या अर्थाची संज्ञा दिली.

डिसेंबर १८७९ मध्ये फ्रान्समध्ये असाधारण थंडी पडली. पॅरिसचे तापमान −२३.९° से. पर्यंत उतरले. या हिवाळ्याचा अभ्यास करताना तेसरँ द बॉर यांनी आइसलँडनजीकचे न्यूनदाब क्षेत्र, अझोर्सचे उच्चदाब क्षेत्र व सायबीरियाचे उच्चदाब क्षेत्र यांसारखी विशाल ‘क्रियाकेंद्रे’ ओळखली. ही केंद्रे नेहमीच्या स्थानांवरून ढळली, म्हणजे हिवाळा असामान्य होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. यांपैकी सायबीरियातील केंद्र अतिशय प्रबल असते. तेथील अगाता येथे ३१ डिसेंबर १९६८ रोजी समुद्रसपाटीला आणलेला दाब १,०८३.८ मिलिबार नोंदला गेला. उलटपक्षी जानेवारी १९९३ मध्ये उत्तर अटलांटिकवरील एका वादळाच्या केंद्रातील दाब सु. ९१४ मिलिबारपर्यंत घटला होता.

आइसलँड व अझोर्स येथील दाबांमधील फरकाच्या चढउतारास गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० नंतरच्या दशकात उत्तर अटलांटिक आंदोलन असे नाव दिले. वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते आणि मॉन्सूनच्या पूर्वानुमानासाठी जागतिक दाबांचे परस्परसंबंध शोधीत असता ते या निष्कर्षाप्रत आले. हा फरक मोठा असल्यास पश्चिमी वारे सागरावरील उबदार, दमट हवा यूरोपात नेतात. तो घटल्यास पूर्वेकडील व उत्तरेकडील थंड हवा शिरते. १९६२-६३ चा हिवाळा दुसऱ्या प्रकारचा होता. इंग्लंडमध्ये १७४० नंतर इतका थंड हिवाळा झाला नव्हता.

शांत हवाही किती घातक ठरते, हे ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनमध्ये दिसून आले. उच्चदाब क्षेत्र शहरावर स्थिरावल्याने थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले आणि कोळशाचा धूर धुक्यात कोंडला गेला. प्रारंभी सु. ४,००० अतिरिक्त मृत्यू मोजले गेले. नंतरच्या संशोधनात हा आकडा सु. १२,००० पर्यंत असावा असे आढळले. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला, त्यामागे ही दुर्घटना होती.

बर्गेन संप्रदाय : व्हिल्हेल्म ब्यर्कनेस १९१७ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे आले. महायुद्धामुळे परदेशांतील नोंदी मिळेनाशा झाल्याने त्यांनी देशातच निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे उभारले. त्याच्या आधारे त्यांचे पुत्र याकोब ब्यर्कनेस यांनी १९१९ मध्ये चक्रवाताची रचना मांडली. उबदार व थंड वायुराशी जेथे भिडतात त्या सीमापृष्ठावर न्यूनदाब क्षेत्र जन्मते, वाढते व अखेर विरते, असे हे जीवनचक्र त्यांनी हाल्व्होर सूलबर्ग यांच्यासह १९२२ मध्ये पूर्ण केले. एकामागून एक येणारी वादळे आणि त्यांच्यामागची थंड, कोरडी हवा यांचा उलगडा यामुळे झाला.

भारतातील हिवाळा : सायबीरियातील थंड हवेचा थेट लोंढा हिमालयामुळे भारतात सहसा पोहोचत नाही. येथील हिवाळी हवामान भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातून पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणाऱ्या न्यूनदाब प्रणालींनी घडविले जाते. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ पडते व पंजाब-हरियाणातील गव्हाला पाऊस मिळतो. भारतीय हवामान खात्याचे (स्थापना १८७५) पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातील हिमवर्षाव व पुढील मॉन्सून यांचा संबंध जोडला, तोही या हिवाळी वृष्टीचे महत्त्व दर्शवितो.

विक्षोभ पुढे सरकल्यावर त्याच्या पश्चिमेस दाब वाढतो, आकाश निवळते आणि उत्तरेकडील थंड, कोरडे वारे वाहू लागतात. हे वारे दक्षिणेपर्यंत पोहोचले, म्हणजे महाराष्ट्रात जळगाव, नाशिक, निफाड या भागांत थंडीची लाट येते. ती गव्हाला मानवते, पण द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवितात. पंजाबातील पाऊस आणि त्यामागोमाग निफाडला पडणारी थंडी या अनेकदा एकाच प्रणालीच्या दोन बाजू असतात. यामुळे नाशिकच्या थंडीचा अंदाज वर्तवितानाही वायव्य भारताच्या पलीकडील दाबाचे नकाशे पाहावे लागतात.